रणांगणावरचे हसू

चित्रपटातले युद्ध ऐन भरात आलेले असते, आणि एखाद्या राक्षसाचे मुंडके धडावेगळे होऊन घरंगळत जाते, धड मात्र दोन पावले चालून मगच कोसळते. अशा वेळी चित्रपटगृहात जे हसू फुटते ते दुसऱ्या कोणत्याही हसण्यासारखे नसते. आधी शेकडो माणसांनी एकदम श्वास रोखल्याचा आवाज येतो, कुणाच्या तरी तोंडून ‘ई’ निघते, आणि त्या ‘ई’ला जवळजवळ ढकलतच हसू बाहेर पडते. हसून झाल्यावर अनेकजण शेजारच्या माणसाकडे एक ओझरती नजर टाकतात. निव्वळ विनोदाला हसताना आपण असे बघत नाही. आपण हसलो ते ठीक झाले ना, याची खात्री त्या नजरेला हवी असते.

अद्भुतरम्य युद्धपटांवर माझे लहानपणापासून मनापासून प्रेम आहे, त्यामुळे या हसण्यावर होणारे आरोपही मी बरीच वर्षे ऐकत आले आहे. प्रेक्षक निर्ढावले, मरणाचीही करमणूक झाली, रक्त पाहून हसणारी पिढी उद्या खऱ्या रक्तालाही हसेल, असे ते आरोप असतात. मला ते पटत नाहीत. मात्र ‘सिनेमाच तर आहे, एवढे काय मनावर घ्यायचे’ हे उत्तरही पटत नाही, कारण ज्या गोष्टीने आपल्याला रडवावे अशी आपली अपेक्षा असते तिने हसवलेले मात्र हिशोबात धरायचे नाही, हा न्याय झाला नाही. या हसण्याकडे नीट पाहिले पाहिजे असे मला वाटते.

तुटलेल्या हाताची दोन दृश्ये शेजारी ठेवली तर प्रश्न लगेच समोर येतो. १९७५ सालच्या ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’मध्ये राजा आर्थर एका काळ्या चिलखतातल्या सरदाराचा हात तोडतो. खांद्यातून रक्ताची चिळकांडी उडते, आणि तो सरदार ही किरकोळ जखम असल्याचे सांगून लढतच राहतो. दुसरा हात जातो, मग एक पाय, मग दुसरा. शेवटी उरलेले धड जमिनीवर उभे राहून निघून जाणाऱ्या राजाला पळपुटा ठरवते. प्रेक्षक हसून बेजार होतात. १९९८ सालच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये ओमाहा किनाऱ्यावरच्या धुमश्चक्रीत एक सैनिक असाच एक हात गमावतो, गोंधळल्यासारखा वाळूत काहीतरी शोधतो, आणि पडलेला आपलाच हात उचलून चालू लागतो. तिथे कुणी हसत नाही. खरे पाहता घडणारी गोष्ट दुसऱ्या चित्रपटात अधिक विपरीत आहे. स्वतःचा हात हरवलेल्या वस्तूसारखा उचलून नेणे हे केवळ कागदावर वाचले तर कुणाला ते हास्यास्पदही वाटेल. पण त्या सैनिकाच्या हालचालीत एका माणसाचे भान हरपलेले आपल्याला दिसते. काळ्या सरदाराचे भान मात्र जराही ढळत नाही. हात तुटण्याआधी त्याचा जो आवाज, जो तोरा, जो हट्ट होता, तोच हात तुटल्यावरही कायम असतो. शरीराचे तुकडे होतात आणि माणूस अखंड राहतो.

अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त हे फार थोडक्यात सांगून ठेवले आहे. हास्यास्पद म्हणजे असा दोष किंवा अशी कुरूपता, जिच्यातून वेदना होत नाही आणि नाशही होत नाही. त्याने दिलेले उदाहरण सुखात्मिकेच्या मुखवट्याचे आहे: तो वेडावाकडा असतो, पण त्यात दुखणे नसते. हेन्री बर्गसन या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावरच्या आपल्या पुस्तकात यापुढचे पाऊल टाकले. हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते, आणि जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते, असे त्याचे म्हणणे होते. मुंडके उडाल्यावरही चालणारे धड हे बर्गसनच्या सिद्धांताचे जणू चित्रच आहे. अलीकडे, २०१० साली, पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली. काहीतरी मर्यादा मोडली जाते आहे आणि तरीही ते निरुपद्रवी आहे, असे दोन्ही एकाच वेळी जाणवले की माणूस हसतो. मला यातला ‘एकाच वेळी’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निर्ढावलेल्या माणसाला मर्यादा मोडल्याचेच जाणवत नाही, मग त्याला हसू तरी कशाचे येणार? हसण्याआधी निघालेली ती ‘ई’ हाच प्रेक्षक अजून शाबूत असल्याचा पुरावा आहे.

ही भूल चित्रपट कशी देतो, हे पाहण्यासारखे असते. आवाजाचा वाटा मोठा. हाड मोडल्याचा आवाज हवा असेल तेव्हा ध्वनिकलावंत सेलरीच्या जुड्या मोडतात, आणि हा आवाज किंचित जास्त खुसखुशीत ठेवला तर तोच घाव वेदनेकडून गमतीकडे सरकतो. दुसरी गोष्ट चेहऱ्याची. मरणाऱ्याचा चेहरा जवळून आणि पुरेसा वेळ दाखवला की हसू जागच्या जागी विरते, म्हणून असे क्षण बहुतेक वेळा लांबून किंवा झटकन दाखवलेले असतात. तिसरी रंगाची. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिन्ही चित्रपटांत ऑर्कांचे, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांचे, रक्त काळपट आहे. या चित्रपटांत मुंडकी सर्रास उडतात, तरीही अमेरिकेत त्यांना मिळालेले प्रमाणपत्र ‘पीजी-१३’, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारे, हेच होते. हा वर्गच मुळी १९८४ साली निर्माण झाला, कारण त्या वर्षीच्या काही चित्रपटांतली भीषणता मुलांसाठी फार आणि प्रौढांपुरते मर्यादित करण्यासाठी कमी, अशी अडचण उभी राहिली होती. त्या प्रमाणपत्रात काळ्या रक्ताचा वाटा असावा असे मला वाटते. लाल रक्त आपल्या शरीरातले असते, आणि ते दिसताच आपली कातडी आपल्याला आठवते.

‘द टू टॉवर्स’च्या विस्तारित आवृत्तीत एक प्रसंग आहे. हेल्म्स डीपची लढाई संपली आहे. लेगोलस आणि गिमली या दोन वीर मित्रांत रात्रभर कोण जास्त शत्रू मारतो याची पैज चालली होती. लेगोलस बेचाळीसचा आकडा सांगत येतो. गिमली एका मेलेल्या उरुक-हायच्या, म्हणजे ऑर्कांच्याच एका जातीतल्या सैनिकाच्या, अंगावर बसून चिलीम ओढतो आहे आणि आपला आकडा त्रेचाळीस असल्याचे शांतपणे जाहीर करतो. लेगोलस काही न बोलता त्याच प्रेतात एक बाण मारतो आणि आपलेही त्रेचाळीस झाले म्हणतो. तो आधीच मेला होता, असे गिमलीचे म्हणणे. तो वळवळत होता, असे लेगोलसचे. यावर गिमली सांगतो की आपली कुऱ्हाड त्याच्या मज्जासंस्थेत रुतली आहे म्हणून तो वळवळतो, आणि हे सांगताना कुऱ्हाडीचा दांडा असा हलवतो की त्या प्रेताचे हातपाय खरोखरच झटके देतात.

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तो घरी, बहिणीच्या दोन्ही मुलांबरोबर. धाकटा भाचा पोट धरून हसला. थोरली भाची हसली नाही. तिने विचारले, “मावशी, त्याला दुखत नसेल?” मी उत्तर देण्याआधी भाचाच म्हणाला, “अगं, तो मेलाय ना, मग दुखेल कसं?” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पण त्याच्या अंगावर कशाला बसायचं?” अॅरिस्टॉटलची अट भाच्याने अचूक लावली होती. पण भाचीचा आक्षेप त्या अटीत बसत नव्हता. तिचा मुद्दा वेदनेचा नव्हताच. मेलेल्यालाही काही मान असतो, एवढेच तिचे म्हणणे होते, आणि ते मला आजही खोडता येत नाही.

हसण्याला परवानगी मिळते ती समोरचा ऑर्क आहे, माणूस नाही, या बोलीवर. पण ही बोली फार पक्की नाही. ज्याच्या कादंबरीवरून हे चित्रपट निघाले त्या टॉल्कीनच्या पुस्तकात ऑर्क आपसात गप्पा मारतात, वरिष्ठांच्या नावाने कुरकुर करतात, लढाई संपल्यावर कुठे निघून जाऊ याची स्वप्ने रंगवतात. सुधारण्याची काहीच आशा नसलेली एक अख्खी जात कल्पावी, याविषयी खुद्द टॉल्कीनला अस्वस्थता वाटत होती, हे त्याच्या पत्रांवरून दिसते. मारलेल्यांची मोजदाद करण्याची पैज पुस्तकातही आहे, पण तिथे ती दोन मित्रांमधल्या काळजीला झाकणारी आहे. आकडा सांगण्यापेक्षा दुसरा जिवंत दिसला याचाच आनंद मोठा आहे. चित्रपटाने प्रेताचे झटके वाढवले आणि ती काळजी कमी केली. चित्रपटगृहात दाखवलेल्या मूळ आवृत्तीत हा प्रसंग नव्हता, आणि दिग्दर्शक पीटर जॅक्सनने तो आधी बाजूला ठेवला यात मला त्याची समज दिसते.

हसू एकट्याचे असते की समूहाचे, याचाही इथे मोठा संबंध आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञाच्या अभ्यासानुसार माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट सोबतीत असताना हसतो. युद्धातल्या बीभत्स गमतीबाबत हे मला तंतोतंत अनुभवाला आले आहे. चित्रपटगृहात ज्या क्षणी सगळी रांग हसली होती, तोच क्षण रात्री एकटीने पाहताना माझ्या तोंडून आवाजही फुटत नाही. गंमत कळते, आवडते, पण हसू येत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत प्रेत जास्त स्पष्ट दिसते. चित्रपटगृहातले ते हसू म्हणजे भ्यालेल्या माणसांनी अंधारात एकमेकांना दिलेली ‘आहोत इथेच’ अशी हाक असते. त्यात क्रौर्य शोधणाऱ्यांनी एकदा पडद्याकडे पाठ करून त्या चेहऱ्यांकडे पाहावे.

शिवाय हे काही चित्रपटांनी शोधून काढलेले नाही. वाल्मीकींच्या युद्धकांडात कुंभकर्ण वानरांना मुठी भरभरून तोंडात टाकतो, आणि ते वानर त्याच्या नाकपुड्यांतून आणि कानांतून बाहेर पडतात. पुढे सुग्रीव त्याचे कान ओरबाडतो आणि दातांनी नाक तोडतो. ऐकणाऱ्या मुलांनी इथे हसावे, शहारावे आणि पुन्हा हसावे, अशीच ही योजना आहे. पण कुंभकर्ण पडल्यानंतर कवी काय करतो ते पाहा. तो आपल्याला रावणाकडे नेतो, आणि ज्याच्या नाकाकानांतून वानर निघताना आपण हसलो तो रावणाचा उजवा हात होता, हे त्याच्या विलापातून आपल्याला ऐकावे लागते. कुंभकर्णावरचे हसू खोटे ठरत नाही, मात्र ते एकटे राहत नाही.

ग्रीक महाकवी होमरने तर हे अधिक निष्ठुरपणे केले आहे. ‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात ग्रीक वीर पॅट्रोक्लस एक धोंडा फेकून ट्रॉयच्या हेक्टरच्या सारथ्याचे, केब्रिओनीसचे, कपाळ फोडतो. त्याचे डोळे निखळून धुळीत पडतात आणि तो पाणबुड्यासारखा सूर मारत रथातून खाली येतो. पॅट्रोक्लस मोठ्याने थट्टा करतो: काय चपळ गडी आहे, समुद्रावर असता तर कालवे काढून कितीजणांचे पोट भरले असते! थट्टा चांगली आहे, दृश्य भयंकर आहे, आणि वाचकाच्या ओठांवर हसू येतेच. मग त्या प्रेतासाठी दोन्ही बाजूंची झोंबाझोंबी सुरू होते, आणि होमर थोड्याच ओळींनंतर सांगतो की तो धुळीच्या लोटात पडला होता, मोठा माणूस मोठ्या ऐसपैसपणे, घोडे हाकण्याचे कसब विसरून. पुढे तो सर्ग संपण्याआधीच पॅट्रोक्लस स्वतः मारला जातो आणि हेक्टर त्याची थट्टा करतो. हसवून घेतलेल्याची परतफेड कवी त्याच सर्गात करून टाकतो.

आपल्या साहित्यशास्त्राला ही अडचण नेमकी ठाऊक होती. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरताने बीभत्स रसातून भयानक निघतो असे म्हटले, हास्याचे मूळ मात्र शृंगारात सांगितले. पुढे चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्य हा भयानक आणि करुण या दोघांचाही विरोधी रस ठरवला. म्हणजे आजच्या युद्धपटांत जे सर्रास चालते ते शास्त्राच्या दृष्टीने शत्रूंना एका पंगतीत बसवणे आहे. पण नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्यातून एक वाटही दाखवली होती. दोन विरोधी रस एकमेकांना चिकटून येऊ देऊ नयेत, मध्ये दोघांशीही वैर नसलेला तिसरा रस आणावा. त्याचे उदाहरण ‘नागानंद’ नाटकाचे आहे, जिथे शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येऊन उभा राहतो.

मला हा नियम पुस्तकात वाचताना समजला होता, पण त्याचा प्रत्यय आला तो २००३ सालच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये. पेलेनॉरच्या मैदानात लेगोलस एका प्रचंड हत्तीवर चढतो, त्याच्या पाठीवरचे योद्धे खाली पाडतो, हत्तीला मारतो आणि कोसळणाऱ्या सोंडेवरून घसरत खाली उतरतो. खाली उभा असलेला गिमली चिडून सांगतो की हा एकच धरला जाईल. इथे चित्रपटगृह दणाणून हसते, मी जितक्यांदा लोकांबरोबर पाहिला तितक्यांदा हसले आहे, आणि कितीतरी माणसे आणि एक जनावर त्या घटकेला मेले आहे हे कुणाच्या मनातही नसते. पण त्यानंतर मृतांची हिरवट सेना लाटेसारखी मैदानावरून आणि नगरावरून वाहत जाते. ते दृश्य ना हसवते ना रडवते. पाहणारा नुसता थक्क होतो. हसू त्यात धुऊन निघते, आणि मग रणांगणावर पडलेला वृद्ध राजा थेओडेन आपल्या भाचीचा चेहरा ओळखतो आणि तिचा निरोप घेतो. ज्या रांगेत थोड्या वेळापूर्वी हशा उसळला होता तिथेच माणसे डोळे पुसताना मी पाहिली आहेत. हास्य, अद्भुत, करुण, या क्रमाने ते दृश्य आनंदवर्धनाच्या सांगण्याबरहुकूम रचल्यासारखे आहे. दिग्दर्शकाने ‘ध्वन्यालोक’ वाचलेला असण्याची गरज नाही. त्याला प्रेक्षकांचा श्वास कळत होता.

म्हणूनच त्याच दिग्दर्शकाच्या ‘द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’ची २०१५ साली आलेली विस्तारित आवृत्ती मला खटकते. तिला हिंसेसाठी ‘आर’, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश देणारे, प्रमाणपत्र मिळाले, याविषयी माझी तक्रार नाही. हा दिग्दर्शक मुळात रक्तरंजित विनोदी भयपटांतून आलेला आहे. १९९२ सालच्या त्याच्या एका चित्रपटात नायक गवत कापायचे यंत्र हातात धरून प्रेतांच्या गर्दीत शिरतो, आणि त्या पटाच्या जगात ते पूर्णपणे शोभते, कारण तिथे पुढे कुणासाठी रडायचे नसते. इथे मात्र बकऱ्यांनी ओढलेला युद्धरथ धावतो, त्याची फिरती पाती राक्षसांची मुंडकी उडवत जातात, आणि एक लोभी भित्रा माणूस गोफणयंत्रातून उडून थेट एका राक्षसाच्या घशात अडकतो व दोघेही मरतात. यातले प्रत्येक दृश्य सुटे पाहिले तर कल्पक आहे. अडचण अशी, की तो रथ ज्यांना घेऊन धावतो आहे त्यांच्यापैकी काहीजण लवकरच मरायचे आहेत आणि त्यांच्यासाठी आपण शोक करावा अशी चित्रपटाची इच्छा आहे. रथापासून शोकापर्यंतच्या वाटेवर हसू धुऊन काढील असे काही मला सापडत नाही. शरीर म्हणजे तुटून उडणारी वस्तू, हे आपल्याला इतका वेळ शिकवल्यावर अचानक एक शरीर मौल्यवान असल्याचे सांगितले जाते.

हा चित्रपट मी पुन्हा त्याच भाच्याबरोबर पाहिला. तोवर तो मोठा झाला होता, कॉलेज संपवून नोकरीला लागला होता. ऑर्कांचा सरदार अझॉग त्या वीरांपैकी फीलीला मनोऱ्याच्या कडेवर ओढत आणतो, खालून त्याचे सोबती वर पाहत असतात, आणि सुरा खुपसून तो त्याला खाली सोडून देतो. भाच्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी अर्धे हसू होते आणि फीली जमिनीवर आदळल्यावर ते गोंधळून गेले. मी चित्रपट थांबवला नाही, पण नंतर त्याला विचारले. तो म्हणाला, “मावशी, मला वाटलं तो पडता पडता काहीतरी गंमत होणार. कुणीतरी झेलणार किंवा खालचा ऑर्क चिरडणार. इतका वेळ तेच चाललं होतं ना.” त्याच्यात काहीही निर्ढावलेले नाही, थेओडेनच्या निरोपाला तो अजूनही बोलायचा थांबतो. चित्रपटाने त्याला जसे पाहायला शिकवले तसेच तो पाहत होता, आणि त्या अर्ध्या हसण्याचा जाब मी त्याला नव्हे, दिग्दर्शकालाच विचारीन.